पाच भाषांच्या पाटीवरचं जेवण

शिवाप्पानं दारावर पाटी लावायचं ठरवलं आणि तिथून सगळं फिसकटलं.

तसं पाहिलं तर पाटी लावण्यात वावगं काही नव्हतं. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला, उर्दू पाट्या उतरल्या, आणि आता भाषावार प्रांत होणार अशी आवई उठली होती. बीदर कुणाच्या पदरात पडणार हे नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळेच छातीठोक सांगत होते. कचेरीसमोरच्या हॉटेलात सकाळच्या चहाला बीदर महाराष्ट्रात जायचं, दुपारी आंध्रात, आणि संध्याकाळची भजी तळून होईस्तोवर कर्नाटकात. ज्या राज्यात जाऊ तिथली भाषा येत नसेल तर नोकरी गेलीच म्हणून समजा, असं कारकुनांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. शिवाप्पा मोजणीच्या कचेरीत कारकून. गावोगावच्या हद्दी कागदावर उतरवणं हे त्याचं काम. (स्वतःची हद्द कुठं संपते, हे मात्र त्याला जन्मात उमगलं नाही. ते पुढं येईलच.) त्यानं विचार केला, राज्य कुठलंही येऊ दे, आपण सगळ्या भाषा आधीच दारावर लावून ठेवाव्यात.

पत्रा चांगला जाड निघाला. दोन हात लांब, हातभर रुंद. पेंटरनं त्यावर निळ्या रंगात लिहिलं: ‘शिवाप्पा धुळाप्पा संतपूरकर, सरकारी कारकून. मराठी, उर्दू, इंग्रजी, तेलुगू व कानडी या भाषा अवगत.’

यातली मराठी त्याच्या आईची होती, तिच्याबद्दल वाद नाही. उर्दू शाळेत छडीनं शिकवली होती, तीही पक्की. इंग्रजी अर्जाच्या शेवटच्या ओळीपुरती यायची. तेलुगूत त्याला आंब्यांचा भाव करता येई आणि आपल्याला शिवी दिली की कळे. राहिली कानडी. कानडीत शिवाप्पाचं सगळं भांडवल म्हणजे ‘हौद्री’ हा एक शब्द. हौद्री म्हणजे होय जी. कानडीत कुणी काहीही बोललं की शिवाप्पा मान हलवून हौद्री म्हणायचा, आणि गंमत म्हणजे आजवर त्याचं कधी अडलं नव्हतं. होय म्हणणाऱ्या कारकुनाला पुढचं कुणी विचारत नाही.

पाटी लागली ती बीदरला लागून असलेल्या नौबादच्या घराला. घर चन्नव्वाचं. चन्नव्वा लिंगायत बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गळ्यात लिंग, कमरेला किल्ल्या आणि नाकात सदोदित तपकीर. तिच्या मागच्या दोन खोल्यांत शिवाप्पा आणि त्याची बायको रेणुकाबाई राहत. खोल्या देताना चन्नव्वानं अट एकच घातली होती. ‘माझ्या अंगणात मांस शिजायचं न्हाई. शिजलं की तुमची ट्रंक रस्त्यावर.’ रेणुकाबाई धनगराची लेक, मटणाचा रस्सा तिच्यासारखा अख्ख्या संतपुरात कुणाला जमत नसे. पण तिनं एका शब्दात हो म्हटलं, कारण अंगणात विहीर होती. गोड्या पाण्याची, भर उन्हाळ्यात न आटणारी. आधीच्या घरी ती पठाराखालून घागरी वाहून वाहून कमरेतून मोडली होती. या विहिरीवर पहिल्या दिवशी पोहरा सोडला आणि पाण्याचा आवाज आला, तेव्हा तिला रडू आलं होतं. मटण काय, माहेरी गेल्यावर खाता येतं. विहीर माहेराहून आणता येत नाही.

पाटी पाहून चन्नव्वा कट्ट्यावर आली.

“येवढं काय लिवलंस रं?”

“मला येतेत त्या भाषा, अव्वा.”

“कानडी बी?”

“व्हय की.”

“मग दोन वरसं झाली, माझ्याशी मराठीतच बोलायलास की तू.”

“कानडी मी मनात बोलतो, अव्वा.”

चन्नव्वानं तपकिरीची चिमूट ओढली आणि शिंकली. शिवाप्पानं तो होकार मानला.

पाटीला नारळ फोडून आठवडाही झाला नसेल, तर कचेरीतल्या नव्या साहेबांची जीप नौबादच्या रस्त्यानं गेली. कुट्टप्पा साहेब कुर्गचे. पोलिस ॲक्शननंतर लांब लांबचे साहेब या भागात येऊन पडले होते, त्यातलेच हे. उंच, मिशाळ, बंदुकीचा नाद आणि घरच्या आठवणीनं सदा कासावीस. त्यांनी पाटी वाचली. दुसऱ्या दिवशी शिवाप्पाला आत बोलावलं आणि अत्यंत आनंदानं कानडीत बोलायला सुरुवात केली.

शिवाप्पा म्हणाला, “हौद्री.”

साहेब आणखी खुलले. पुढं झुकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “नीवु हंदी तिंतीरा?”

आता हंदी म्हणजे डुक्कर. तुम्ही डुक्कर खाता का, असा साधा प्रश्न. हा शब्द नौबादच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. शिवाप्पाच्याही कानावरून तो गेला होता. पण साहेब खासगीत, हळू आवाजात खाण्याचं विचारतोय म्हटल्यावर त्याच्या निजामी कानांना ‘हंडी’ ऐकू आली. जुन्या वेळचे साहेब लोक हंडीची अशीच हळू आवाजात तारीफ करायचे.

“हौद्री, साब!” शिवाप्पा म्हणाला. “घर में हमेशा!”

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. बिचाऱ्यांचा स्वयंपाकी सोवळ्यातला. डुकराचं नाव काढलं तरी गाठोडं बांधून गावी निघायचा. अख्ख्या बीदरात आपल्या पंगतीला बसेल असा एक माणूस त्यांना सापडत नव्हता, आणि तो आपल्याच कचेरीत निघाला. त्यांनी तिथल्या तिथं, हातवारे करत आणि मधेमधे हिंदी-इंग्रजी शब्द पेरत, रविवार ठरवला. मी तुमच्या घरी येतो. हंदी मी पाठवतो, तुम्ही फक्त तरकारी घाला. मग त्यांनी टेबलावर हात पसरून कृती सांगितली. एक ट्रे. त्यावर सगळं एकत्र पसरायचं. खाली विस्तव, वर विस्तव. ना ढवळायचं, ना बघायचं. आपोआप होतं. “बहळ सुलभ,” साहेब म्हणाले.

सुलभ हा शब्द मराठीतही असल्यामुळे तेवढा शिवाप्पाला नीट कळला. ट्रेवर हंडी कशी ठेवायची, हा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला, पण तो त्यानं कुर्गच्या नावावर टाकून दिला.

घरी येऊन त्यानं जाहीर केलं, “रविवारी साहेब जेवायला यायलेत. हंडी त्येच पाठवणार. आपण नुसती तरकारी चिरायची.”

“आपण म्हंजी कोण?” रेणुकाबाईनं विचारलं.

“चिर तू. करतो मी. लई सुलभ हाय. तुमी बायका उगं चुलीपुढं बसून मोठं काम केल्याचं सोंग करताव.”

रेणुकाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. (ज्या घरात बायको असं काही न बोलता पाहते, त्या घरात पुढं काय होतं हे वाचकांना सांगायला नको.)

चन्नव्वाची परवानगी शिवाप्पानं रीतसर काढली. “अव्वा, साहेबाला हंडी करावी म्हणतो.”

“कशाची?”

“वांगी, बटाटे, गाजर. तरकारीची हो.”

“मग कर की! विचारायलास काय?” चन्नव्वा भलतीच हरखली. “मी बीदरला प्रवचनाला जायलेय, पर दिवेलागणीच्या आत येतेच. मला त्येच्याशी बोलायचंय. जनमभर साहेब बघितले ते समदे उर्दूतले. ह्यो पैलाच आपल्या भाषेतला.”

रविवारी चन्नव्वा गेली. दुपारी कचेरीचा चपराशी हणमंतप्पा सायकलीवर पोतं बांधून आला.

“साहेबांनी हंदी पाठवलीय.”

“हंडी ना? पोत्यात कामून घातली? फुटंल की.”

हणमंतप्पानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “आता न्हाई फुटत. काल फुटली. गोळीनं.”

शिवाप्पानं पोत्यात हात घातला. मडक्याचा काठ लागेल म्हणून चाचपत गेला, तर हाताला खूर लागला. खुराच्या वर पाय होता. पायाला केस होते. हंडीला केस असल्याचं शिवाप्पाच्या ऐकिवात नव्हतं.

“हणमंतप्पा, हे... हे तर...”

“हंदी. मगापासनं काय बोलायलोय मी? रानातली हाय, औरादच्या शिवारात पडली. मागची आख्खी तंगडी तुमाला दिलीय. साहेब म्हणाले, बीदरात मर्द माणूस येकच निघाला.”

“हे परत ने. साहेबाला सांग, माझी तब्येत...”

“तब्येतीचं सांगू, का कानडी येत न्हाई म्हणून सांगू?” हणमंतप्पानं सरळ चेहऱ्यानं विचारलं. “पाटी मी बी वाचलीय.”

शिवाप्पानं पोतं घेतलं. हणमंतप्पा सायकल भिंतीला टेकवून तिथंच बसला. पुढचं बघायला मिळणार असेल तर त्याला रविवारी दुसरं काम नव्हतं.

रेणुकाबाईनं पोत्यात डोकावून पाहिलं आणि तिच्या हातातलं गाजर गळून पडलं.

“मी अव्वाला शब्द दिलाय,” ती म्हणाली. “तुमाला पाटी मिळाली, साहेब मिळाला. मला ह्या जन्मात येक हीर मिळालीय. ती घालवायलाव तुमी.”

“काय घालवत न्हाई. अव्वा यायच्या आत शिजवून, वाढून, पुरून मोकळा. सुलभ हाय गं! जरा परात दे.”

“परात न्हाई.”

“मग मोठा तवा?”

“तवा न्हाई, पळी न्हाई, विळी न्हाई. माझ्या घरातलं येक भांडं ह्याला लागायचं न्हाई. भाजी चिरून सुपात ठेवलीय, ती सुपासकट न्या. सूप परत आणू नका.”

एवढं बोलून तिनं आतून कडी घातली. शिवाप्पा अंगणात उभा. ट्रे पाहिजे. सपाट, जाड, लांबरुंद. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि त्याची नजर दारावर गेली.

पाच भाषांची पाटी त्यानं स्वतःच्या हातानं खिळे उपटून काढली. उलटी केली. चारी कडा दगडानं ठोकून वर वळवल्या, त्यात एका बाजूला ‘शिवाप्पा’ वळला आणि दुसऱ्या बाजूला ‘अवगत’. ट्रे तयार झाला. हणमंतप्पानं मान डोलावून दाद दिली.

आता जागेचा प्रश्न. इथं मोजणीच्या कचेरीतली अक्कल कामाला आली. चन्नव्वाची अट अंगणाची होती. अंगण कुठं संपतं? मागच्या भिंतीशी. भिंतीपलीकडं काय? उकिरडा. उकिरडा अंगणात धरत नाहीत, असा शिवाप्पानं मनातल्या मनात निकाल दिला आणि सगळा संसार तिकडं हलवला.

उकिरड्याशेजारी तीन दगड मांडले. तुराट्या पेटवल्या, शेणी रचल्या, इंगळ पडल्यावर पाटी ठेवली. (निळा रंग ताबडतोब करपला. सुरुवात उर्दूपासून झाली.) पाटीवर वांगी, बटाटे, गाजरं, कांदे पसरले आणि मधोमध ती तंगडी, केसांसकट. केस काढायचे असतात हे साहेबांनी कानडीत सांगितलं असेलही. वर झाकायला गवंड्याचं घमेलं पालथं घातलं आणि घमेल्याच्या डोक्यावर आणखी इंगळ. ना ढवळायचं, ना बघायचं. शिवाप्पा हात झटकून उभा राहिला.

“झालं! ह्येला स्वयंपाक म्हणतेत.”

पहिल्यांदा केस पेटले. असा वास सुटला की वाऱ्याच्या बाजूची चार घरं दारं लावून बसली. मग चरबी सुटली, पाटीच्या कडेवरून विस्तवात ठिबकली आणि भडका शिवाप्पाच्या मिशीपर्यंत आला. मिशीचाही वास त्यात मिसळला. त्यानं पाणी मारायला घमेलं उचललं, तर वरचे इंगळ सगळे आतल्या बटाट्यांवर. इंगळ वेचायला गेला तर बटाटा कुठला आणि इंगळ कुठला हे कळेना, दोन्ही सारखेच काळे आणि दोन्ही सारखेच भाजत होते. एवढ्यात नौबादची कुत्री आली. आधी एक आलं, त्यानं बाकीच्यांना कळवलं असावं. अर्धवर्तुळ करून ती शिस्तीत बसली आणि हणमंतप्पाही त्यांच्या रांगेतच बसला.

“शिजलं का?” हणमंतप्पानं विचारलं.

शिवाप्पानं काडी खुपसली. वरून कोळसा, आतून कालचं रान.

“व्हायलंय,” तो म्हणाला. त्याचे डोळे धुरानं वाहत होते. निदान तो तरी धुरानंच म्हणत होता.

सूर्य कलला तशी जीप आली. शिवाप्पा धावत पुढं गेला, साहेबांना घराला वळसा घालून थेट मागं घेऊन आला आणि उकिरड्याशेजारी बाज टाकून तिच्यावर बसवलं. मोकळ्या हवेत जेवायचा बेत आहे, असं तो हातांनी सांगत होता. साहेबांनी तो वास छातीभर घेतला, डोळे मिटले, आणि ते कुर्गला पोचले. उकिरडा त्यांना दिसलाच नाही.

आता फक्त वाढायचं, साहेबांनी खायचं, आणि उरलेलं पुरायचं. एवढ्यात भिंतीवरून डोकं वर आलं. चन्नव्वाचं. प्रवचन लवकर आटोपलं होतं.

“शिवाप्पा! मुडद्या! येवढ्या मोठ्या माणसाला उकिरड्यावर बसवलास?”

“अव्वा, न्हाई... साहेबाला हवा पायजे...”

“हवा? उकिरड्याची? माझ्या घराची अब्रू काढायलास काय? उद्या समदं नौबाद म्हणंल, चन्नव्वाच्या घरी साहेब आला आन् गाढवाच्या जागी बसून जेवला. हणमंतप्पा, उचल ते ताट! आत घे, वसरीवर!”

“अव्वा, ते ताट नगं! ते गरम हाय!” शिवाप्पा पाटीला आडवा झाला.

“मग फडक्यानं धरू दे. सर बाजूला!”

“अव्वा, पाया पडतो, ते हितंच ऱ्हाऊ दे...”

“लाज वाटायली का रं तुला पाहुण्याला घरात घ्यायची?”

तपकिरीनं बधिर झालेल्या चन्नव्वाच्या नाकाला धूर तेवढा कळत होता. हणमंतप्पानं आज्ञा पाळली. (चपराशी नेमकी नको ती आज्ञा तत्परतेनं पाळतो.) पाच भाषांची पाटी, तिच्यावरच्या तंगडीसकट, वाजत-गाजत चन्नव्वाच्या अंगणातून तिच्या वसरीवर गेली. मागून साहेब, त्यांच्या मागून कुत्री, आणि सगळ्यांच्या मागून शिवाप्पा. रेणुकाबाईनं खोलीची कडी काढली, बाहेर पाहिलं आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभीच राहिली. विहीर तिला समोरच दिसत होती.

चन्नव्वानं साहेबांना नव्या घोंगडीवर बसवलं. कानडीत क्षेम विचारलं. साहेब कानडीत बोलले. चन्नव्वाचा चेहरा उजळला. आपल्या भाषेतला साहेब, आपल्या घोंगडीवर. तिनं पंख्यानं वारा घातला, ताटातल्या काळ्या ढिगाकडं कौतुकानं पाहिलं आणि साहेबांना कळावं म्हणून कानडीतच म्हणाली, बघा, तुमच्यासाठी आमच्या शिवाप्पानं खास हंडी केलीय.

साहेब हसले. चुकीचा उच्चार ऐकून त्यांना राहवलं नाही.

“हंडी अल्ल, अम्मा,” ते प्रेमानं म्हणाले. “हंदी!”

पंखा थांबला.

चन्नव्वानं ताटाकडं पुन्हा पाहिलं. खुराकडं पाहिलं. मग शिवाप्पाकडं पाहिलं, आणि तिचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. शिवाप्पाला आपली ट्रंक रस्त्यावर दिसत होती. रेणुकाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

पण बसलेल्या पाहुण्याला ताटावरून उठवायचं नाही, ही चन्नव्वाच्या घरची रीत. ती रीत तिच्या सासूनं मोडली नव्हती, तिनंही मोडली नसती. शिवाय ताट आत आणा म्हणून ओरडलं कोण? तिचं तिलाच आठवलं. ती दोन पावलं मागं सरली, पदर नाकाला लावला आणि कानडीत एवढंच म्हणाली, जेवा.

साहेब जेवले. वरचा कोळसा खाल्ला, आतलं रान खाल्लं, बटाटे समजून दोन इंगळही चावले असावेत. जेवता जेवता त्यांना गहिवरून आलं. थेट घरच्यासारखं झालंय, असं ते म्हणाले. (त्यांच्या घरी काय होत असेल, याचा हणमंतप्पा नंतर बरेच दिवस विचार करत होता.) जाताना त्यांनी शिवाप्पाची पाठ थोपटली आणि उरलेल्या तंगडीसकट ती पाटीही जीपमध्ये ठेवून घेतली. असा ट्रे बाजारात मिळत नाही म्हणाले.

जीप गेली. चन्नव्वानं शिवाप्पाला बोलावलं नाही. रेणुकाबाईला बोलावलं.

“पोरी, तू त्येला हात लावलास?”

“न्हाई अव्वा. तुमच्या पायाची आन.”

“तुझी परात? तवा?”

“काय न्हाई. त्येंच्याच पाटीवर झालंय समदं. मी कडी लावून आत होते.”

चन्नव्वानं विहिरीकडं पाहिलं. “वसरीवर मीच आणलं, ते माझं मी बघीन. शेणानं सारवीन, गोमूत्र शिंपीन. तुझी खोली साफ हाय. खोली तुझी, हीर तुझी.” रेणुकाबाई तिच्या पायांवर पडली आणि हमसून रडली. चन्नव्वानं तिला उठवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग शिवाप्पाकडं वळली.

“ह्येचं काय करायचं?”

“ते तुमीच ठरवा, अव्वा,” रेणुकाबाई डोळे पुसत म्हणाली. तिनं हे फार पटकन म्हटलं, असं शिवाप्पाला वाटलं.

चन्नव्वानं ठरवलं. कानडी येईस्तोवर शिवाप्पानं खोलीत पाऊल टाकायचं नाही. जेवायचं अंगणात, पत्रावळीवर. झोपायचं कट्ट्यावर, पाटी होती तिथं, चार खिळ्यांच्या भोकांखाली. कानडी चन्नव्वा स्वतः शिकवणार, आणि फी म्हणून दोन्ही घरांचं पाणी शिवाप्पानं ओढायचं.

त्या दिवसापासून रेणुकाबाईनं पोहऱ्याला हात लावला नाही. संध्याकाळ झाली की चन्नव्वा कट्ट्यावर बसून आरोळी द्यायची, “नीरु सेदोरु यारु?” यारु म्हणजे कोण. पाणी ओढणारा कोण? आणि शिवाप्पानं जिथं असेल तिथून छाती काढून ओरडायचं, “नानु!” नानु म्हणजे मी. आवाज लहान निघाला की दोन पोहरे जास्त. त्याचा ‘नानु’ हळूहळू इतका खणखणीत झाला की पलीकडच्या गल्लीतली माणसं त्यावर दिवे लावू लागली. चन्नव्वा भांडी दाखवून नावंही पाठ करून घ्यायची. पाणी तापवायचा मोठा हंडा दाखवून विचारायची, “हंडे यावदु?” हंडा कुठला? शिवाप्पा बोट दाखवायचा. हंडी, हंडे, हंदी, सगळं घोटून घेतलं. आता या जन्मात चूक होणार नाही, असं तो रेणुकाबाईला खिडकीतून सांगायचा.

एका संध्याकाळी कुट्टप्पा साहेबांची जीप दारात थांबली. चन्नव्वाशी दोन शब्द कानडीत बोलावेत म्हणून ते मुद्दाम आले होते. घोंगडी पडली. साहेबांनी विचारलं, आमच्या शिवाप्पांची पाटी बऱ्याच दिवसांत दिसली नाही, भाषा विसरले की काय? (ती करपून आपल्याच घरी पडलीय, हे साहेबांना कुठं ठाऊक!)

“विसरतोय कशाचा!” चन्नव्वा म्हणाली. “तुमीच ऐका.” तिनं तपकीर ओढली आणि विहिरीकडं तोंड करून शांतपणे हाक मारली.

“हंडे यावदु?”

पोहरा ओढता ओढता शिवाप्पानं हंड्याकडं बोट दाखवलं. साहेबांनी वाहवा केली. शिवाप्पा फुलला. खोलीचं दार आता उघडलंच, असं त्याला वाटलं. खिडकीत रेणुकाबाई उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला होता.

“हंदी यारु?” चन्नव्वानं विचारलं.

यारु एवढंच शिवाप्पाच्या कानात शिरलं. त्यानं दोर सोडला, साहेबांकडं तोंड केलं आणि अख्ख्या नौबादला ऐकू जाईल असा ओरडला, “नानु!”

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि समाधानानं चन्नव्वाला म्हणाले, आता उच्चार अगदी शुद्ध झाला.